वाट पाहायची म्हणजे विचारायचंच नाही का?

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. नंदुरबार जिल्ह्यातलं गाव, ख्रिस्ती घर, वय चौतीस. पदरात नऊ वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. नवरा सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला आहे. 'पुढच्या वर्षी तुम्हाला तिकडे नेतो, नाहीतर मीच परत येतो,' असं ते गेली तीन वर्षं सांगत आहेत. दिवाळीच्या सुट्टीत येऊन गेले. गेल्या नाताळाला मात्र 'येतो' म्हणून आलेच नाहीत. घरात सासूबाई, थोडा कोरडवाहू कापूस, आणि वरखर्चाला ताईंचं शिवणकाम. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार, सुरू झाला तसा पाळकांनी उपदेशात सांगितलं, की हा धीराने वाट पाहण्याचा काळ आहे, कुरकुर करू नका. सासूबाईही येता-जाता 'धीर धर, माय' म्हणतात. ताई लिहितात: "मला धीर धरताच येत नाही. प्रार्थनेला बसले की रडू येतं, नाहीतर राग येतो. त्यात मुलं रोज विचारतात, नाताळ कधी, पप्पा कधी येणार, चांदणी कधी लावायची. परवा धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. माझा विश्वास कमी पडतोय का? जिला स्वतःला वाट पाहता येत नाही, तिने मुलांना काय शिकवायचं?"

प्रिय ताई,

धपाट्यापासून सुरुवात करते, कारण पत्रात तोच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचतो आहे असं वाटलं. 'पप्पा कधी येणार' असं तो विचारतो आणि त्याचं उत्तर तुमच्याकडे नाही. तोच प्रश्न उठता-बसता कानावर आला की माणूस कातावतं. हात उठायला नको होता, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्याला जवळ घेऊन 'आईचं चुकलं' म्हटलं नसेल, तर आज म्हणा. पण त्यावरून स्वतःच्या विश्वासाचा निकाल लावू नका. तुमच्या घरात सध्या विश्वासापेक्षा माहिती कमी पडते आहे. तुम्हाला तारीख माहीत नाही, आणि ज्यांना ती सांगता येईल ते सांगत नाहीत.

तुम्ही तीन गोष्टींची वाट पाहता आहात आणि तिन्हींचं एकच गाठोडं बांधून डोक्यावर घेतलं आहे. मुलं नाताळाची वाट पाहतात. त्याची तारीख कॅलेंडरवर छापलेली आहे, ती पुढेमागे होणार नाही. मंडळी प्रभूच्या येण्याची वाट पाहते. त्याचा दिवस कोणालाच ठाऊक नाही, पण वचन आहे, आणि वचन देणारा शब्द फिरवणारा नाही असा आपला विश्वास आहे. तिसरी वाट तुम्ही नवऱ्याची पाहता. तिथे तारीखही नाही आणि शब्द एकदा फिरलेला आहे. पहिल्या दोन ठिकाणी जो धीर शोभतो, तोच तिसऱ्या ठिकाणी कोणी तुमच्याकडून मागत असेल, तर तो जमत नाही यात नवल काय?

पाळकांनी कोणता उतारा घेतला ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण 'धीर धरा' आणि 'कुरकुर करू नका' हे दोन्ही बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात एकापाठोपाठ येतं, म्हणून तोच असावा असं धरून चालते. पुष्कळ मंडळ्या तीन वर्षांचा वाचनक्रम पाळतात. त्याच्या पहिल्या वर्षी आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी हा उतारा येतो. याकोब तिथे 'एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका' असं म्हणतो. चुलीपाशी सासूवर, मुलांवर, शेजारणीवर राग काढू नका, असा त्याचा रोख आहे. देवापाशी रडू नका किंवा ज्याला विचारायचं त्याला विचारू नका, असं तो कुठेही म्हणत नाही.

आणि त्याच रविवारी शुभवर्तमानातून काय वाचतात पाहा: मत्तयाचा अकरावा अध्याय. बाप्तिस्मा करणारा योहान हेरोदाच्या तुरुंगात आहे. ज्याने यार्देनेच्या काठावर उभं राहून येणाऱ्याची वाट तयार करा म्हणून आख्खा मुलूख हलवला, तो अंधाऱ्या कोठडीत बसून आपल्या शिष्यांकरवी येशूला विचारतो: जो येणार होता तो तूच ना, की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी? आगमनकाळाच्या सगळ्या कथांमधला हा मला सगळ्यात जवळचा प्रश्न. वाट पाहण्यात ज्याची हयात गेली तोच थकून विचारतो आहे. येशू त्याला 'धीर धर' म्हणून गप्प करत नाही. आंधळ्यांना दिसू लागलं आहे, लंगडे चालू लागले आहेत, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते आहे, असं जे घडतं आहे ते सांगून पाठवतो. निरोपे गेल्यावर लोकांपुढे त्याच योहानाचा मोठेपणा सांगतो. स्त्रियांपासून जन्मलेल्यांत याच्याहून मोठा कोणी झाला नाही, हे शब्द त्या प्रश्नानंतरचे आहेत.

धीराचा उतारा आणि योहानाचा प्रश्न एकाच सकाळी वाचायचे असं ज्यांनी ठरवलं, त्यांना वाट पाहणाऱ्या माणसाची चांगली जाण असणार.

कोणी म्हणेल, लूकच्या पहिल्या अध्यायात योहानाचा बाप जखऱ्या याने देवदूताला विचारलं तर त्याला मुकेपण आलं. खरं आहे. पण त्याला उत्तर समोर उभं राहून दिलेलं होतं आणि ते त्याने मानलं नाही. त्याच अध्यायात मरीयाही विचारते, 'हे कसं होईल?' आणि तिला शांतपणे उत्तर मिळतं. तुम्हाला तर अजून उत्तरच आलेलं नाही. प्रार्थनेत रडू येतं म्हणता, तर येऊ द्या. स्तोत्रसंहितेचं तेरावं स्तोत्र काढा. छोटं आहे, सहा वचनांचं. त्याची सुरुवातच 'हे परमेश्वरा, कोठवर?' अशी आहे, आणि तो 'कोठवर' पुन्हा पुन्हा येतो. रडत वाचलं तरी चालतं.

आता याकोबाने दिलेला शेतकऱ्याचा दाखला. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत शेतकरी मोलाच्या पिकाची वाट पाहतो, तसा धीर धरा, असं तो लिहितो. त्याच्या मुलखात पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीपुरती जमीन मऊ करतो आणि शेवटचा मार्च-एप्रिलच्या सुमारास दाणा भरतो. आपल्याकडे हिशेब वेगळा, पण शेतकऱ्याची वाट तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलेली आहे. पाऊस त्याच्या हातात नसतो, तिथे तो आभाळाकडे बघतो. निंदणी, खत, वेचणी हातात असते, तिथे तो बसून राहत नाही. आणि वाट कुठे थांबवायची हेही त्याला ठरवावं लागतं. कपाशीची फरदड तुम्हाला सांगायला नको. आणखी एक-दोन वेचण्या मिळतील या आशेने पाणी देऊन पीक उभंच ठेवायचं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो, की डिसेंबरच्या पुढे फरदड ठेवू नका, पऱ्हाट्या उपटून शेत मोकळं करा, कारण गुलाबी बोंडअळीला त्या उभ्या पिकावर खायला मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामाला पोचते. पीक उभं ठेवणारा वाटच पाहत असतो हो. पण त्या वाट पाहण्यात अळी पोसली जाते.

'पुढच्या वर्षी नेतो' हे तुमच्या घरातलं वाक्य मला तसंच उभं राहिलेलं दिसतं. तीन वर्षं त्याच्यावर कोणी हात घातलेला नाही. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही, सासूबाईंनी दोघांनाही धीर धरायला सांगितलं. मधल्या काळात तुमच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं असणार. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही, पण रागाच्या मागे ते आहे असं वाटतं.

त्यांची बाजू मला माहीत नाही, तुम्हालाही पुरती माहीत नसावी. सुरतेला एकटा राहून कमावणारा माणूस बहुतेक वेळा खोलीत चार-सहा जणांसोबत राहतो. वेगळी खोली घ्यायची तर डिपॉझिट, भाडं, गॅस, मुलांची शाळा. 'जमत नाही' असं बायकोला सांगायची लाज वाटते, म्हणून तो 'पुढच्या वर्षी' म्हणतो. कदाचित एवढंच असेल. कदाचित वेगळंही असेल. घरी बसून अंदाज बांधत राहण्यापेक्षा विचारलेलं बरं.

विचारायचं कसं, ते सविस्तर लिहिते, कारण असं पत्र पाठवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. नवापूर, शहादा, साक्री, शिरपूर, कुठल्याही बाजूच्या गावात गुजरातेत कामाला गेलेल्या माणसांची घरं आहेत.

नाताळाचं आणि कायमचं, हे दोन विषय वेगळे ठेवा. एकाच फोनवर दोन्ही काढलेत तर दुसऱ्याच्या ओझ्याने पहिलाही बुडेल. आधी नाताळ. सुरतेच्या कापडधंद्यात मोठी सुट्टी दिवाळीची. त्या वेळी काम बंद असतं म्हणून ते येऊ शकतात. नाताळाला ती आपसूक मिळत नाही, शेठकडे किंवा मुकादमाकडे आधी मागावी लागते. गेल्या वर्षी त्यांनी ती उशिरा मागितली असेल, किंवा मागितलीच नसेल. म्हणून हा फोन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच व्हायला हवा. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी करा, पाळी संपवून थकून आल्यावर नको, आणि मुलं आजूबाजूला असताना तर नकोच. व्हॉट्सअॅपवर लांबलचक लिहू नका. लिहिलेल्यात राग जास्त दिसतो आणि माया कमी.

काय म्हणायचं? माझ्या मते असं काहीसं: "अहो, येणार की नाही यावरून मी भांडणार नाही. मला फक्त हो किंवा नाही हवं आहे. शेठला विचारा आणि शनिवारपर्यंत सांगा. नाही असेल तर मुलांना मी सांगेन, पण 'बघू' म्हणू नका." यात त्यांना 'नाही' म्हणायची मोकळीक आहे. ती मनापासून द्या. 'नाही' म्हटलं की रडारड होणार हे माहीत असलं की माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो आणि येत नाही.

ते 'पूर्ण सुट्टी नाही' म्हणाले तर सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग तुमच्या बाजूने आहे. नंदुरबारला सुरतेहून काही तासांत पोचता येतं. चोवीसला पाळी संपवून रात्री निघायचं, पंचवीसची उपासना आणि जेवण घरी, संध्याकाळी परत. दमछाक आहे, पण होण्याजोगं आहे. तेही नाहीच जमलं, तर मुलांना घेऊन तुम्हीच दोन दिवस तिकडे का जात नाही? हे मी जास्त आग्रहाने सांगते. ते कुठे राहतात, काय खातात, खोली कशी आहे, हे डोळ्यांनी पाहिलंत की पुढचं बोलणं निम्मं सोपं होईल. सासूबाईंची सोय एखाद्या नणंदेकडे किंवा शेजारी होऊ शकते. कापूस दोन दिवस थांबेल.

कायमचं बोलणं नाताळानंतर, समोरासमोर. त्यात भावनेपेक्षा हिशेब घेऊन बसा: खोलीचं भाडं किती, तुमची शिवणाची मशीन तिकडे नेली तर काम मिळेल का, शेताचं काय, सासूबाई येणार की राहणार. मुलांच्या शाळेची काळजी असेल तर सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळाही चालवते. राहणार त्या भागात आहे का, याची चौकशी त्यांना आत्तापासून करू द्या, म्हणजे जूनला धावपळ होणार नाही. रेशनकार्डावरचं धान्य आता दुसऱ्या राज्यातही घेता येतं. या सगळ्यानंतर उत्तर 'तिकडे यायला नको, मीच दोन वर्षांनी परत येतो' असं आलं, तरी तो निर्णय झाला. त्याची वाट पाहणं वेगळं असतं. विचारूनही ते टोलवत राहिले, किंवा पैसे पाठवणं अनियमित झालं, तर मात्र एकटीने झुंजू नका. त्यांच्या थोरल्या भावाला किंवा घरातल्या ज्या माणसाचा शब्द ते मानतात त्याला मध्ये घ्या. पाळकांच्या पत्नीशी आधी मोकळं बोलून पाहा.

सासूबाईंबद्दल एक अंदाज करते, चुकीचा वाटला तर सोडून द्या. 'धीर धर, माय' हे त्या तुम्हाला म्हणतात तितकंच स्वतःलाही म्हणत असाव्यात. त्यांचा तो मुलगा आहे. गेल्या नाताळाला त्यांनीही दाराकडे पाहिलं असेल. तुम्ही दोघी एकाच माणसाची वाट पाहता आहात आणि एकमेकींपासून तोंड फिरवून पाहता आहात. देवदूत भेटून गेल्यावर मरीया घरात एकटी बसून राहिली नाही. डोंगराळ मुलखातल्या आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडे, जखऱ्याच्या बायकोकडे, गेली आणि तीन महिने तिच्यापाशी राहिली. एक कोवळी पोर, एक उतारवयातली बाई, दोघी दिवसांत, दोघींना वाट पाहायची. लूकने त्या तीन महिन्यांतल्या रोजच्या कामाबद्दल काही लिहिलेलं नाही, पण दळणकांडण, पाणी, स्वयंपाक त्यांनी मिळूनच केला असणार. एका संध्याकाळी कापूस निवडताना सासूबाईंना नुसतं विचारा, 'आई, तुम्हाला काय वाटतं, येतील का ते?' पुढचं त्या बोलतील. त्यांच्या तरुणपणी त्यांनी कोणाकोणाची वाट पाहिली, तेही निघेल. फोन करायच्या आधी त्यांना सांगा, त्यांच्या पाठीमागे करू नका.

आता मुलं. इथे तुम्ही फार कठोरपणे स्वतःकडे पाहता. ज्या आईला शांतपणे वाट पाहता येते तीच मुलांना शिकवू शकते, असं तुम्ही धरून चाललात. सहा वर्षांच्या पोराला शांत मन शिकवायचं नसतंच. त्याला काळ डोळ्यांना दिसेल असा करून द्यायचा असतो. 1839 साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिख विखर्न हे पाळक गरीब, निराधार मुलांचं वसतिगृह चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं त्यांना रोज विचारून हैराण करत. त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रोजच्या दिवसांसाठी लहान लाल आणि रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसवल्या, आणि दररोज एक जास्त पेटवत गेले. आज चर्चमध्ये चार मेणबत्त्यांचं हिरवं वर्तुळ, म्हणजे रीथ, दिसतं ते तिथून आलं. तुमच्या धाकट्याच्याच प्रश्नाचं उत्तर ते.

तुम्हाला चाक नको आणि बाजारातलं रीथही नको. थाळीत दिवाळीच्या उरलेल्या चार पणत्या ठेवा, भोवती करंज किंवा निंबाचा पाला. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असं चवथ्यापर्यंत. घरात कापूस भरलेला असेल तर त्या खोलीत दिवा अजिबात न्यायचा नाही, आणि मोठं माणूस समोर असल्याशिवाय पेटवायचा नाही. आगमनकाळ दर वर्षी सारख्या लांबीचा नसतो. पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्या मध्ये कधीही येतो, त्यामुळे कधी पुरे 28 दिवस मिळतात, कधी 22 च. म्हणून उरलेल्या दिवसांइतके हरभऱ्याचे दाणे एका वाटीत मोजून ठेवा आणि रोज झोपताना धाकट्याला एक काढू द्या. 'नाताळ कधी' विचारलं की वाटीकडे बोट दाखवायचं. मोजणंही पक्कं होईल.

थोरलीला वाचायला द्या. लूकच्या पहिल्या अध्यायाचे चार भाग करा: जखऱ्या मंदिरात, देवदूत मरीयेकडे, मरीया अलीशिबेकडे, आणि योहानाच्या जन्मानंतर जखऱ्याची जीभ मोकळी होते तो. रविवारी एकेक. तुम्हाला स्वतःसाठी काही हवं असेल तर लूकचे अध्याय 24 आहेत. 1 डिसेंबरपासून रोज एक वाचलात तर चोवीसच्या रात्री संपतात. एखाद्या दिवशी राहिला तर दुसऱ्या दिवशी दोन वाचा, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

चांदणीवरून घरात वाद नको, पहिल्याच रविवारी लावू द्या. गव्हाणी मांडत असाल तर बाळ तेवढं चोवीसच्या रात्रीपर्यंत ठेवू नका. रिकामी गव्हाणी मुलांना फार खुणावते.

फराळात अनारसे धरा, खास मुलांसाठी सांगते आहे. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. हे पाणी बदलण्याचं काम धाकट्याला द्या. दुसऱ्या दिवसापासून आंबूस वास येऊ लागतो, तो नाक मुरडेल, मुरडू द्या. मग तांदूळ निथळून सावलीत फडक्यावर पसरायचे, ओलसर असतानाच दळायचे, गूळ मिसळून गोळा डब्यात दाबून ठेवायचा. पुढचे काही दिवस त्याला हात लावायचा नाही. मुलं रोज डबा उघडून वास घेतील. तळताना अनारसा उलटत नाहीत, खसखस वरच राहते आणि झाऱ्याने तूप उडवत तो फुलवतात. हे थोरलीला शेजारी उभं करून दाखवा. पंधरा डिसेंबरच्या आसपास तांदूळ भिजवलेत तर बावीस-तेवीसला तळायला येतील. सासूबाईंचा हात याला बसलेला असेलच, त्यांनाच प्रमुख करा.

ज्यांना विचारायलाच कोणी नाही अशा वाचकांसाठीही दोन शब्द, कारण तुमचं पत्र वाचून त्यांना वाटेल की आपल्याला यात काही नाही. कोणाच्या घरी आजारी माणूस आहे, कोणाचा मुलगा भरतीच्या निकालाकडे डोळे लावून बसला आहे, कोणाला लेकरू नाही. तिथे फोन करून तारीख मिळत नाही. याकोबाचा पाऊस तो हाच. अशा वेळी मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: वाट पाहण्यासाठी 25 डिसेंबर ही मुदत लावून घेऊ नका. मसीहाची वाट पाहणाऱ्या शिमोन आणि हन्ना यांनी मंदिरात बाळ येशूला पाहिलं तेव्हा दोघांचं आयुष्य उताराला लागलेलं होतं. लूक सांगतो, हन्ना 84 वर्षांची विधवा होती. आणि मंडळीतल्या बायांना विनंती, की मूल नसलेल्या बहिणीला अलीशिबेची गोष्ट 'बघ, तिला झालं की' म्हणून सांगू नका. अलीशिबेला जे मिळालं ते तिला मिळालं. ही बहीण ती गोष्ट ऐकून घरी जाते आणि उशीत तोंड खुपसून रडते, हे मी ऐकलेलं आहे. तिच्याजवळ बसा, तिला करंज्या करायला बोलवा, आणि तिने विषय काढला तरच बोला.

ताई, आता पुन्हा तुमच्या घरी. शनिवारपर्यंत त्यांच्याकडून जे उत्तर येईल ते त्याच संध्याकाळी मुलांना सांगा. 'हो' असेल तर सांगताना 'शेठने सोडलं तर' एवढी पुस्ती जोडा. 'नाही' असेल तर चोवीस तारखेपर्यंत लपवून ठेवू नका. आज रडतील, पण सावरायला दिवस मिळतील. धाकट्याला साध्या शब्दांत सांगायचं: पप्पांना सुट्टी नाही मिळाली, त्यांनाही यायचं होतं, आपण पंचवीसला त्यांना व्हिडिओ कॉल करू आणि अनारसे ठेवून देऊ. अनारसे आठ-दहा दिवस चांगले टिकतात. गावातलं कोणी सुरतेला निघालं की त्याच्या हाती डबा द्या, आणि डब्यावर नाव धाकट्याला लिहू द्या. उत्तर काहीही आलं तरी मला कळवा. कायमच्या बोलण्याच्या वेळी हिशेब मांडायला मदत लागली तर तेही लिहा.